उधारीलाही आडनाव लागतं

एम.कॉम. झालेल्या मुलीने कपड्यांचं दुकान टाकलं, ही गोष्ट आमच्या वस्तीत अजून जरा दबक्या आवाजात सांगितली जाते. नोकरी लागली नाही म्हणून टाकलं असेल, असा त्याचा अर्थ. तो खोटाही नाही. चार वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या. दोनदा थोडक्यात यादीबाहेर राहिले, एकदा भरतीच पुढे गेली ती गेलीच. मग एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. तिथलं मानधन सहा-सहा महिने यायचं नाही. शेवटी तीन वर्षांपूर्वी, आखाजीच्या तोंडावर, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरच्या आमच्या तालुक्याच्या गावी दहा बाय बाराच्या गाळ्यात कुर्ती, लेगिंग्ज आणि साड्यांचं दुकान उघडलं.

आता मला फोन येतात. नुकतीच पदवी घेतलेली मुलं-मुली विचारतात, ताई, दुकान टाकायचंय, किती भांडवल लागेल? मी आकडा सांगते. डिपॉझिट पन्नास हजार, फर्निचर-लाइट साठ हजार, माल दीड लाखाचा. एकूण दोन लाख साठ हजार, वर हाताशी तीन महिन्यांचं भाडं. पण फोन ठेवला की वाटतं, खरी गोष्ट सांगायची राहूनच गेली. ती इथे लिहिते.

आधी हिशोब, कारण पदवी घेताना आपल्याला ताळेबंद शिकवला तरी दुकानाचा हिशोब कुणी शिकवलेला नसतो. भाडं सहा हजार. मदतीला एक मुलगी, तिचे पाच हजार. कर्जाचा हप्ता साधारण साडेचार. वीज, पिशव्या, सुरतेच्या खेपा, मालाचं भाडं मिळून अडीच. म्हणजे शटर वर केलं की महिन्याला अठरा हजार गेलेच. साधी कुर्ती मला 280 ला पडते. वर चिकटवलेली किंमत 450, घासाघीस होऊन सरासरी 400 हातात येतात. एका नगामागे 120. म्हणजे अठरा हजार निघायला महिन्याला दीडशे नग विकले पाहिजेत. आठवड्याची सुट्टी सोडून रोज सहा. सातव्या नगापासून माझी मजुरी सुरू होते. पहिल्या महिन्यात मी 61 नग विकले.

हे कळायला अवघड नाही. कळायला वेळ लागला तो सेटचा. घाऊक बाजारात कुर्ती सुटी मिळत नाही, सेटने घ्यावी लागते. एका रंगात, एका डिझाइनमध्ये एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल असे चार नग. सेटची किंमत 1,120. तीन विकले की 1,200 येतात, म्हणजे फायदा ऐंशी रुपये. चौथा विकला तर तोच फायदा 480 होतो. सेटमधला सगळा नफा त्या चौथ्या कुर्तीत बसलेला असतो. आणि नेमकी तीच विकली जात नाही. कधी एम उरते, कधी डबल एक्सएल. तीन महिन्यांनी तिचा रंग जुना वाटतो, सहा महिन्यांनी घडीवर पट्टा पडतो. दुकानदार याला डेड माल म्हणतात. पहिल्या दिवाळीनंतर मी मोजलं तेव्हा माझ्या फळ्यांवर अशा 94 कुर्त्या होत्या. 280 ने गुणून बघा.

मला वाटलं, माझी निवड चुकते. मी रंग बदलले, साइज विचारून वहीत टिपायला लागले. फरक पडला, पण थोडाच. मग आमच्याच रस्त्यावरच्या एका जुन्या दुकानात काम करणाऱ्या पोराने सहज बोलता बोलता सांगितलं की त्यांचा न खपलेला माल सीझन संपला की परत जातो. शेठला फोन होतो, गाठ बांधली जाते, पुढच्या बिलातून रक्कम वजा होते. शिवाय त्यांना मालाचे पैसे दोन-दोन महिन्यांनी द्यायचे असतात. माल विकून आलेल्या पैशातूनच ते मालाचे पैसे देतात. माझं उलटं होतं. मी रोख मोजून माल उचलत होते, आणि रोखीने घेतलेला माल परत घेत नाहीत. एकाच गल्लीत, एकाच मार्केटमधून आणलेली तीच कुर्ती. त्यांची चौथी सुरतेला परत जात होती आणि माझी फळीवर बसत होती.

मग मीही उधारी मागायला गेले.

सुरतेचं कापड मार्केट ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. रिंग रोडच्या दोन्ही बाजूंना मजल्यांवर मजले, प्रत्येक मजल्यावर शेकडो गाळे, आणि जिन्यांतून, पॅसेजमधून अखंड डोक्यावरून आणि हातगाडीवरून चाललेली पार्सलं. ही पार्सलं वाहणारी, कापड घडी करणारी, साड्यांना लेस लावणारी माणसं अनेक प्रांतांतली आहेत. त्यात खानदेशातून गेलेली आपली माणसं पुष्कळ. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागात फिरलात तर मराठी ऐकू येते, निळे झेंडे दिसतात. माझा मामा त्यातलाच. बावीस वर्षं तो एकाच मार्केटमध्ये पार्सल वाहतो. हातगाडीवर एका खेपेला लाखा-दोन लाखांचा माल असतो, पावती खिशात, बरोबर कुणी नाही. बावीस वर्षांत एक साडी इकडची तिकडे झालेली नाही.

ज्या व्यापाऱ्याकडून मी वर्षभर रोखीने माल घेत होते, त्याला म्हटलं, वीस हजारांचा माल महिन्याभराच्या बोलीवर द्या. तो वाईट बोलला नाही. चहा मागवला. मग विचारलं, रेफरन्स कुणाचा? मी मामाचं नाव सांगितलं. तो हसला. म्हणाला, तो चांगला माणूस आहे, पण मी व्यापाऱ्याचा रेफरन्स विचारतोय. तुमच्या गावात आमचं कोण आहे? मी दोन-तीन दुकानांची नावं घेतली. त्याने माझं आडनाव पुन्हा एकदा विचारलं, गावाचं नाव पुन्हा विचारलं, आणि सांगितलं की सध्या मार्केट टाइट आहे.

अपमान वगैरे काही झाला नाही. म्हणूनच हे लिहायला कठीण जातं. गावात कुणी पाण्याला शिवू दिलं नाही तर आपल्याला त्याला काय म्हणायचं ते ठाऊक असतं, त्यावर कायदा असतो. इथे एका माणसाने दुसऱ्या माणसाला चहा पाजून उधारी नाकारली. तो त्याचा व्यवहार आहे. पण ज्या माणसाच्या भरवशावर लाखांचा माल भर रस्त्यातून जातो, त्याच माणसाच्या शब्दावर वीस हजारांची उधारी मिळत नाही. वाहून नेण्यापुरता त्याचा विश्वास आहे. जामीन राहण्यापुरता नाही. ‘पत’ या शब्दाचा अर्थ मला बी.कॉम.च्या पुस्तकात कळला नव्हता, तो त्या दिवशी कळला.

अर्थशास्त्राची पुस्तकं म्हणतात, ओळखीतल्या माणसाला उधारी देणं शहाणपणाचं, कारण त्याने बुडवली तर त्याच्या नातलगांमार्फत वसूल करता येते. बरोबर आहे. फक्त ही ओळख लग्नसंबंधांतून, जातीच्या धर्मशाळेतून, एकाच मंदिराच्या ट्रस्टमधून तयार होते, आणि त्या खोल्यांत आपल्याला कधी बोलावलेलं नाही. कुणी मुद्दाम जातीयता करायचीही गरज पडत नाही. प्रत्येकाने आपापल्या ओळखीतल्याला उधार दिलं की काम आपोआप होतं. 2005 च्या आर्थिक गणनेत देशातल्या उद्योग-व्यवसायांपैकी अनुसूचित जातींच्या मालकीचे जेमतेम दहा टक्के निघाले, लोकसंख्येतला वाटा सोळा टक्क्यांच्या वर असताना. त्यातलेही बहुतेक एकट्याने चालवलेले, मजूर न ठेवता आलेले. ही दरी काही आपल्याला धंद्यातलं कळत नाही म्हणून पडलेली नाही.

आग्र्याचं उदाहरण मला नेहमी आठवतं. तिथे बूट बनवतात ते प्रामुख्याने जाटव कारागीर, आणि हिंग की मंडीत तो घाऊक विकतात ते बहुतेक दुसरे. कारागिराने माल आणून टाकला की वर्षानुवर्षं त्याला रोख न देता पर्ची द्यायची पद्धत होती, काही महिन्यांनी पैसे मिळतील अशी चिठ्ठी. कारागिराला घरी चूल पेटवायची असे, म्हणून तो ती पर्ची कमी पैशात वटवून टाकायचा. म्हणजे आग्र्यात गरीब जाटव श्रीमंत व्यापाऱ्याला उधारी देत होता आणि वर त्याचं व्याजही स्वतःच भरत होता. आम्ही घ्यायला गेलो की रोख, द्यायला गेलो की उधार.

आणि हे काही अडाणी माणसाचंच होतं असं नाही. अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांनी मुंबईत शेअर आणि रोख्यांच्या व्यवहारांबद्दल सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला घ्यायला लोक येत होते. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं तसे ते येईनासे झाले, आणि तो व्यवसाय बंद करावा लागला. कोलंबियातून अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाची ही गत. त्यामुळे ‘नीट शिकून, नीट प्लॅन करून धंदा करा, जात आडवी येत नाही’ असं कुणी व्याख्यानात सांगितलं की मी खुर्चीत चुळबुळ करते.

मग सरकारी योजना कशासाठी आहेत, असं तुम्ही विचाराल. आहेत, आणि त्यांची माहिती ठेवलीच पाहिजे. स्टँड-अप इंडिया 2016 मध्ये सुरू झाली ती अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठीच. पण तिचं कर्ज दहा लाखांपासून पुढे असायचं. दहा बाय बाराच्या गाळ्याला दहा लाख घेऊन मी काय केलं असतं? महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाची बीजभांडवल योजना आहे, पण महामंडळ आणि बँक यांच्यामध्ये फाइल फिरते तोवर आपण वय ओलांडतो. माझ्या मापाचं कर्ज होतं मुद्राचं, दोन लाख. मुद्रात तारण मागायचं नसतं. बँकेतल्या साहेबांनी तारण मागितलं नाही, ‘एखादी एफडी ठेवता येईल का’ एवढंच विचारलं. मी योजनेच्या अटींचा कागद छापून नेला होता, तो टेबलावर ठेवला. ते म्हणाले, मॅडम शिकलेल्या आहात. त्यानंतर पाच खेपा लागल्या, पण कर्ज झालं. तर पदवीचा उपयोग काय, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. नियम वाचता येतो आणि तो साहेबाच्या टेबलावर ठेवताना हात थरथरला तरी कागद खाली पडत नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, तिचे एजंटला हजार रुपये देऊ नका. थोडेच कामगार असतील तर महाराष्ट्रात शॉप अ‍ॅक्टखाली नुसती सूचना द्यावी लागते. मालाच्या विक्रीत उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. एवढं सांगितलं तरी दोघा-तिघांचे पैसे वाचतील.

मात्र बँकेचं कर्ज एकदाच मिळतं आणि त्याचा हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो. बाजाराची उधारी दर सीझनला नव्याने मिळते आणि विकल्यावर फेडायची असते. दुकान जगतं ते दुसरीवर. सरकारच्या बहुतेक योजना पहिलीच्या आहेत.

गाळ्याची गोष्ट थोडक्यात. तीन ठिकाणी ‘पूर्ण नाव?’ विचारल्यावर गाळा आधीच कुणाला तरी दिलेला निघाला. चौथा मिळाला तो एका मुस्लिम मालकाचा, ज्याला स्वतःला गावात गाळे विकत घेताना हेच ऐकावं लागलं होतं. नावावरून घरात महिनाभर वाद चालला. मला ‘रमाई कलेक्शन’ ठेवायचं होतं. भाऊ म्हणाला, मग बाकीचे लोक पायरी चढणार नाहीत, ‘न्यू फॅशन’ ठेव. बोर्ड रंगवणाऱ्याने मध्येच सांगितलं की अक्षरं जितकी कमी तितके पैसे कमी. ‘न्यू फॅशन’ झालं. बाबासाहेबांचा फोटो मी पहिलं वर्षभर काउंटरच्या खणात ठेवला, गिऱ्हाइकाला दिसणार नाही असा. हे लिहितानाही लाज वाटते, पण लपवून उपयोग नाही, कारण तुमच्यातल्या प्रत्येकासमोर हा खण येणार आहे.

तो फोटो बाहेर आला तो पांढऱ्या साड्यांमुळे.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये वस्तीतल्या बाया विचारायला लागल्या, चौदा एप्रिलला पांढरी साडी आहे का, निळ्या काठाची? गावातल्या कुठल्याच दुकानात नव्हती. दर वर्षी त्या जळगावला किंवा थेट नागपूरला कुणाला तरी सांगून मागवायच्या. मी सुरतेला गेले आणि साठ पांढऱ्या साड्या मागितल्या. त्याच व्यापाऱ्याने विचारलं, एवढ्या पांढऱ्या कशाला? कुणी वारलं का? त्याच्या लेखी पांढरी साडी म्हणजे मयत किंवा विधवा. मी सांगितलं, आमच्याकडे सण आहे. त्याला पटलं नाही, पण रोख होती, म्हणून दिल्या.

परतीच्या गाडीत मी त्याच्या प्रश्नावर विचार करत होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी कोणते कपडे घालावेत ते लिहिलं आहे : मेलेल्यांचे. त्याच अध्यायात शूद्राने ऐपत असली तरी धन साठवू नये असंही लिहिलं आहे. कपडा आणि धन, दोन्हींचा बंदोबस्त एकाच अध्यायात. 25 डिसेंबर 1927 ला महाडला ते पुस्तक जाळलं, आणि त्याच परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं की लुगडं वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं नेसा, जातीची खूण सांगणारे गळ्या-हातातले दागिने टाकून द्या. दक्षिणेत त्रावणकोरमध्ये नाडार बायकांना अंगावर कपडा घेण्यासाठी किती दशकं झगडावं लागलं आणि 1859 मध्ये राजाला जाहीरनामा काढून परवानगी द्यावी लागली, हे आपण वाचलेलं असतं. माझी आजी सांगायची की बाजाराच्या दिवशी कापडवाला लांबूनच कापड टाकायचा. हात लावून पोत बघायचा नाही, बघितलं तर घ्यायचंच. 1956 मध्ये दीक्षाभूमीवर लाखो लोक पांढरे कपडे घालून जमले. मयताचा म्हणून वापरला जाणारा रंग आपल्या बायांनी सणाचा केला आणि सुरतेच्या बाजाराला सत्तर वर्षांत त्याचा पत्ता नाही, कारण त्या बाजारात गादीवर बसलेल्यांपैकी कुणाच्या घरात तो सण नाही. बाजाराला सगळं कळतं म्हणतात. बाजाराला त्यात बसलेल्यांपुरतंच कळतं.

साठ साड्या अकरा दिवसांत संपल्या. पांढऱ्या साड्यांना साइज नसतो, हेही एक. चौथा नग उरत नाही. त्या आठवड्यात मी फोटो काढून काउंटरच्या मागे भिंतीवर लावला.

गिऱ्हाइकं तुटली का? काही तुटली. रस्त्यापलीकडच्या वाड्यातल्या दोन बाया, ज्या नेहमी लेगिंग्ज न्यायच्या, त्या येईनाशा झाल्या. बाकीच्या येतात. शाळेत नोकरीला असणाऱ्या, आठवडे बाजाराला आलेल्या आदिवासी मुली, मुस्लिम वस्तीतल्या बाया. ट्रायल रूमचा पडदा आणि भाव ठीक असला तर बहुतेकांना भिंतीकडे बघायला वेळ नसतो. पण त्या दोघींचे महिन्याचे सहाशे-सातशे रुपये गेले, हेही खरं. फोटो लावायला हिंमत लागते असं आपण म्हणतो. त्याला थोडं भांडवलही लागतं.

आता आपल्या माणसांच्या उधारीबद्दल. याविषयी आपल्याकडे फार कडवट बोललं जातं : आपला माणूस आपल्याच दुकानात उधारी ठेवतो आणि शेठकडे रोख मोजतो. माझ्या वहीत आज एकोणीस हजारांची उधारी आहे, बहुतेक वस्तीतली. मलाही राग यायचा. मग लक्षात आलं की शेठकडे ती बाई रोख मोजते कारण तो तिला उधार देतच नाही. आणि माझ्याकडे ठेवते कारण गावातल्या सगळ्या दुकानांत मिळून उधारी मागायला तिला एवढी एकच पायरी आहे. तिला मी व्याख्यान देऊ शकत नाही. मी वहीवर तिची सही घेते, दीड हजारांच्या वर जाऊ देत नाही आणि पगाराच्या तारखेला स्वतः घरी जाते. यातले दोन-तीन हजार बुडतील. धंद्यात ते धरूनच चालावं लागतं.

शेवटी त्या घोषणेबद्दल, कारण तीही फोनवर ऐकू येते. ‘नोकऱ्या मागणारे नका, देणारे व्हा.’ आपल्या कार्यक्रमांतही ती हल्ली दिली जाते. जोतीराव फुले कंत्राटदार होते, धंदा काही आपल्याला परका नाही, हे मी मान्य करते. पण ही घोषणा देणाऱ्याला विचारा, सरकारी पदं रिकामी ठेवून, कंत्राटी भरती करून राखीव जागा आटवल्या जात असताना तुम्ही ती नेमकी आत्ता का देताय? माझं दुकान आरक्षणाला पर्याय नाही. माझं डिपॉझिट भरलं ते माझ्या मावशीने, जी जिल्हा परिषदेच्या शाळेत राखीव जागेवर लागली होती. आमच्या घरात पहिला पगार आला तो तिचा, आणि त्या पगारातून पहिलं दुकान झालं. पगाराशिवाय दुकान टाकायचं असतं तर ते रस्त्यावरच्या हातगाडीवर टाकावं लागलं असतं. त्यामुळे फोन करणाऱ्यांना मी दोन्ही सांगते : परीक्षेचा अर्ज भरत राहा, आणि दुकान टाकायचं असेल तर घरात एक तरी पगार चालू असताना टाका.

या मार्चमध्ये पुन्हा सुरतेला गेले. या वेळी शंभर साड्या मागितल्या. व्यापाऱ्याने ‘कुणी वारलं का’ विचारलं नाही. उलट त्यानेच निळ्या काठाचे दोन नवे नमुने काढून दाखवले, म्हणाला, तुमच्या सणाला चालतील. मी साठ साड्यांचे पैसे रोख दिले आणि उरलेल्या चाळीस उधार मागितल्या. त्याने मागची बिलं चाळली. रेफरन्स विचारला नाही. पंधरा दिवस, म्हणाला. मामाने पार्सल बांधलं आणि स्वतः उधना स्टेशनापर्यंत आणून दिलं. माल परत घ्यायचं विचारलं तेव्हा मात्र तो नाही म्हणाला.